अपघाताच्या आधीची तारीख

माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'चॅलेंजरच्या अपघातानंतर एकाच यानावर विसंबण्याचा धोका अमेरिकेला कळला.' गाइडनी त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "मग टायटन-४ ची ऑर्डर कधीची?" मला सांगता आलं नाही. पीएचडीच्या तयारीत असणाऱ्यांसाठी तो किस्सा इथे लिहितोय.

आधी पार्श्वभूमी. स्पेस शटल परत वापरता येणारं यान. उड्डाणं जितकी जास्त, तितका एका उड्डाणाचा खर्च कमी, असं नासाचं गणित होतं. म्हणून सगळे उपग्रह शटलनेच न्यायचे आणि डेल्टा, अ‍ॅटलस, टायटन ही एकदाच वापरायची रॉकेट्स हळूहळू बंद करायची असं ठरत गेलं. १९८२ च्या रेगन यांच्या अंतराळ धोरणाने शटललाच सरकारी उड्डाणांचं मुख्य साधन ठरवलं. त्यात हेरगिरीचे उपग्रहही आले.

हवाई दलातले वरिष्ठ अधिकारी एडवर्ड ऑल्ड्रिज यांना हे पटत नव्हतं. शटल कधी जमिनीवर अडकलं तर उपग्रह न्यायचे कशाने? नासाचे प्रमुख जेम्स बेग्ज यांचा पर्यायी रॉकेटला विरोध होता, कारण उड्डाणं वाटली गेली तर नासाचं गणितच कोलमडणार. बरीच ओढाताण झाली आणि १९८५ मध्ये हवाई दलाला १० रॉकेट्स घ्यायची परवानगी मिळाली. मार्टिन मॅरिएटाची ही रॉकेट्स म्हणजेच पुढची टायटन-४. म्हणजे धोका अपघाताच्या आधीच ओळखला गेला होता!

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर कोसळलं, सात अंतराळवीर गेले. एप्रिलमध्ये टायटन-३४डी फुटलं, मे महिन्यात डेल्टा अपयशी ठरलं. शटल थेट सप्टेंबर १९८८ मध्ये पुन्हा उडालं.

मग अपघाताने बदललं काय? माझ्या मते, विरोधाचा जोर संपला. ऑगस्ट १९८६ मध्ये रेगन यांनी व्यापारी उपग्रह शटलवरून काढून घेतले. टायटन-४ ची ऑर्डर पुढे वाढली. १९८७ मध्ये जीपीएस उपग्रहांसाठी मॅकडॉनेल डग्लसला डेल्टा-२ चं काम मिळालं. बंद पडत चाललेला उद्योग सरकारी गिऱ्हाइकामुळे पुन्हा उभा राहिला. सरकारी मदत म्हटलं की आपल्याला अनुदान आठवतं. इथे खात्रीची ऑर्डर हीच मोठी मदत होती.

प्रश्न तिथे संपला नाही. २००२ मध्ये अ‍ॅटलस-५ आणि डेल्टा-४ अशी दोन नवी रॉकेट्स आली, पण अ‍ॅटलस-५ चं मुख्य इंजिन, आरडी-१८०, रशियाचं. २०१४ मध्ये क्रिमियाचा वाद पेटल्यावर तीच जुनी भीती परत आली, फक्त या वेळी अडकण्याची जागा इंजिन होती.

मसुद्यातलं ते वाक्य मी बदललं: 'अपघाताने आधीच मांडलेल्या युक्तिवादाला बळ दिलं.' फरक छोटा दिसतो, पण त्यामुळे माझा अख्खा प्रश्न बदलला. आता मी अपघातानंतरच्या भाषणांऐवजी १९८३ ते १९८५ मधली कागदपत्रं वाचतोय. तुमच्या प्रस्तावात कुठे 'अमुक घटनेमुळे' असं लिहिलं असेल, तर त्या घटनेच्या आधीची दोन वर्षं एकदा तारीखवार लावून बघा.