निवृत्तीचं वय आणि पेन्शनमधला छुपा भेदभाव

एका कंपनीत मॅनेजर आणि मशीन ऑपरेटर, दोघांनाही महिना १०,००० रुपये पेन्शन ठरली. समान वाटतं ना? पण मॅनेजरची पेन्शन ५५व्या वर्षी सुरू होते आणि ऑपरेटरची ६५व्या. म्हणजे ऑपरेटरचा पहिला हप्ता येईपर्यंत मॅनेजरला १२ लाख रुपये मिळून गेलेले असतात. म्हणून नुसती रक्कम बघून चालत नाही, वयही बघावं लागतं.

सामान्य निवृत्ती वय म्हणजे काय?
योजनेनुसार ज्या वयात कपातीशिवाय पूर्ण पेन्शन मिळते, ते वय.

अमेरिकेत चाचणी होते
तिथे कर-सवलत हवी असेल तर कंपनीच्या निवृत्ती योजनेत जास्त पगारवाल्यांना झुकतं माप चालत नाही. करकायद्याचं कलम ४०१(ए)(४) हेच सांगतं. चाचणीत सगळ्यांचे फायदे आधी एकाच वयावर आणतात. योजनेचं निवृत्ती वय सगळ्यांना सारखं असेल तर साधारणपणे तेच, नाहीतर ६५. किलो आणि ग्रॅमची तुलना करण्याआधी एकक सारखं करतो, तसंच हे.

आपल्याकडे काय?
घाटंजीहून पुण्या-नागपूरला खासगी नोकरीसाठी गेलेल्यांचा संबंध येतो ईपीएस-९५ शी. इथे वय किंवा सूत्र कंपनी ठरवत नाही. पूर्ण पेन्शनचं वय सगळ्यांना ५८ आणि किमान १० वर्षं सेवा हवी.

सूत्र: पेन्शनपात्र पगार × सेवेची वर्षं ÷ ७०

पगार १५,००० आणि सेवा १४ वर्षं असेल तर ३,००० रुपये. नोकरी सोडून ५७व्या वर्षीच घेतली तर ४ टक्के कपात, म्हणजे २,८८०. ५८ नंतर एक वर्ष थांबलात तर ४ टक्के वाढ, म्हणजे ३,१२०. पेन्शन लवकरात लवकर ५०व्या वर्षी घेता येते आणि जास्तीत जास्त ६० पर्यंत पुढे ढकलता येते.

१ सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० आहे. त्यामुळे मोठ्या पगाराच्या मॅनेजरची पेन्शनही साधारणपणे तेवढ्यावरच मोजतात.

मोबाईलवर आत्ताच तपासा
- उमंग ॲपमध्ये ईपीएफओचं पासबुक उघडा आणि पेन्शनच्या रकान्यात रक्कम जमा होतेय का बघा. २०१४ च्या त्या तारखेनंतर पहिल्यांदाच १५,००० पेक्षा जास्त बेसिक-डीएवर लागला असाल तर तिथे साधारणपणे शून्य दिसेल.
- यूएएनमधली जन्मतारीख आधारशी जुळवा. ५८ वर्षं तिच्यावरूनच मोजली जातात.
- नोकरी बदलली तर जुनी सेवा ट्रान्सफर करा. सूत्रातली वर्षं तिथूनच येतात.