तिरपा धागा, सरळ धागा

आमचे घर किसननगरला होते. मुलुंड चेकनाका तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. नाक्यावर जकातीसाठी खोळंबलेल्या ट्रकांची रांग हा आम्हा मुलांचा रोजचा देखावा. ड्रायव्हर खाली उतरून लोखंडी टॉमीने एकेका टायरवर ठोका मारत फिरे. हवा कमी असली की आवाज बदले. पुढे टायरधंद्याच्या इतिहासात शिरलो तेव्हा तो ठोका वारंवार आठवला. आपल्याकडचा टायर प्रयोगशाळेत जितका घडला तितकाच या रांगेतही घडला, असे माझे मत होत गेले.

एमआयडीसीचा जन्म 1 ऑगस्ट 1962 रोजी वागळे इस्टेटीत, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत झालेल्या एका छोट्या समारंभाने झाला, हे ठाणेकर अभिमानाने सांगतात. चेकनाका ओलांडून लालबहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडच्या पुढे गेले की भांडुप लागते. तिथे कारखाना उभारणारी ‘सिएट टायर्स ऑफ इंडिया’ ही कंपनी त्याआधीच, 1958 साली, टाटा समूहाच्या सहकार्याने स्थापन झाली होती. मूळ कंपनी इटलीतली, व्हिर्जिनिओ ब्रुनी तेदेस्की यांनी 1924 मध्ये तोरिनोत काढलेली. सिएट ही आद्याक्षरे. अर्थ साधारण ‘विजेच्या वायरी व तत्सम वस्तू, तोरिनो’. म्हणजे ज्या नावावर आपण दोन पिढ्या टायर घेतले, त्या नावात टायर नाहीच! (गायिका आणि फ्रान्सच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कार्ला ब्रुनी याच घराण्यातल्या. लेखाशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

तेव्हाचा टायर तिरप्या धाग्यांचा. रबरात बुडवलेल्या कापडाचे थर एकमेकांना छेद देत ढोलावर चढवायचे, दोन्ही कडांना तारेची कडी बसवायची, वर जाड रबराची पट्टी, आणि मग साच्यात वाफेच्या उष्णतेने तो भाजून काढायचा. रबर गंधकाबरोबर तापवले की टिकाऊ होते, हा चार्ल्स गुडइयरचा 1839 चा शोध. बाकी सारी करामत धाग्याची. सुती धाग्याच्या जागी रेयॉन आला, मग नायलॉन. नायलॉन दणकट, खड्ड्याला न घाबरणारा, पण निवताना आक्रसणारा. म्हणून साच्यातून काढलेला गरम टायर हवा भरून, फुगवलेल्या स्थितीतच थंड करावा लागे. एवढे करूनही खोड जात नसे. रात्रभर उभ्या गाडीचा टायर टेकल्या जागी चपटा होई आणि सकाळचे पहिले काही अंतर गाडी धडधडत जाई. जुन्या फियाटवाल्यांना हे आठवत असेल.

मिशलँने रेडियल टायरचे पेटंट 1946 मध्ये घेतले होते. त्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आडवे जातात आणि वरून पोलादी तारांचा पट्टा येतो. टायर कमी तापतो, इंधन वाचते, आयुष्य वाढते. सिएटने 1972 मध्ये संशोधन विभाग काढला. 1982 मध्ये कंपनी गोएंकांच्या आरपीजी समूहाकडे गेली. आणि जपानच्या योकोहामाशी सहकार्य करून नाशिकच्या कारखान्यात रेडियल निघू लागले ते 1993 मध्ये. पेटंटपासून मोजले तर सत्तेचाळीस वर्षे. ट्रकांचे बोलाल तर एकविसावे शतक उजाडले तरी आपले बहुतेक ट्रक तिरप्या धाग्यावरच धावत होते.

याला आळस म्हणणे सोपे आहे. मलाही आधी तसेच वाटले होते. बंदिस्त बाजारपेठेचा त्यात वाटा होताच, आणि रेडियलसाठी नवी, जास्त अचूक यंत्रे घ्यावी लागत, हेही खरे. पण रेडियलची बाजू पातळ आणि लवचिक असते, तिथेच त्याचा गुण आणि तिथेच त्याची दुखरी नस. दहा टनांच्या गाडीत पंधरा टन भरून ती खडीवरून नेली की पहिली बाजू फाटते. तिरप्या धाग्याचा टायर हे सोसतो. शिवाय तो स्वस्त. नक्षी झिजली की रिमोल्ड करून पुन्हा चढवता येतो. रेडियलचाही रिमोल्ड होतो, पण बाजू शाबूत असेल तरच. एका ट्रकवर घर चालवणारा माणूस टायर घेताना नव्या तंत्राचे कौतुक करत नसतो. पहिली किंमत आणि रिमोल्डची आशा, एवढेच बघतो. त्याच्या हिशेबाला पुरेल असा जाड, जड, सोशिक टायर बनवत राहणे हेही संशोधनच होते. मात्र कंपन्यांच्या गौरवग्रंथांत त्याला जागा मिळत नाही.

चित्र पालटले त्यात रस्त्यांइतकाच कायद्याचा हात आहे. दंड भरून जादा माल तसाच पुढे नेण्याची सोय काही राज्यांनी करून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2005 मध्ये ती बेकायदा ठरवली. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही! त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोनाचे चौपदरी रस्ते तयार होत होते. त्यानंतर ट्रकांचे रेडियल झपाट्याने वाढले. टायरच्या आतल्या धाग्याची दिशा बदलण्यात न्यायालयाचाही हात लागला, हे कुठल्याच कारखान्याच्या इतिहासात मी वाचलेले नाही.

इकडे तोरिनोतली मूळ कंपनी टिकली नाही. तिचा टायरधंदा 1980 च्या दशकात पिरेलीकडे गेला आणि नावाचे जगभरचे हक्क पुढे पिरेलीकडून भारतीय कंपनीनेच विकत घेतले.

1 जुलै 2017 पासून जकात गेली, नाक्यावरची ती रांगही गेली. परवा तिथे कडेला एक ट्रक उभा होता. टायर रेडियल, जवळजवळ नवे. ड्रायव्हर खाली उतरला आणि हातातल्या टॉमीने मागच्या जोडटायरवर ठोका मारून कान देऊन उभा राहिला.