दोरा तोंडाने ओढायची गिरणी आणि हात झटकणारे मालक

कामगार हा एकच वर्ग आहे, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. मग मुंबईच्या गिरणीत खाते बदलले की जात का बदलत होती?

रिंग खात्यात अस्पृश्य कामगार चालत होता. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त. तिथे मात्र त्याला दार बंद. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. (घामाने एकत्र भिजलेले चालत होते, हे विशेष!) यासाठी मालकाला फलक लावावा लागला नाही. मालक नफा मोजत होता, भरती जॉबरच्या हाती होती, जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे आणत होता आणि साच्यावरचा विणकर आपला विटाळ सांभाळत होता. प्रत्येक पायरीची रीत वेगळी, पण बाहेर राहणारा माणूस तोच.

1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना संपात उतरू नका असे सांगेन, अशी त्यांची भूमिका होती. युनियनच्या पुढाऱ्यांनी ही मागणी नाइलाजाने यादीत घातली. त्यावर मालकांनी काय उत्तर दिले? हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही! बाबासाहेबांनी पुढे स्वतःच सांगितले की मालकांचे हे उत्तर रास्त होते. दोष कोणत्या पायरीवर आहे, हे त्यांनी मालकांच्या द्वेषापोटी झाकले नाही.

12 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे ते बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, हे त्या भाषणातले सूत्र आम्हा सगळ्यांना पाठ असते. त्याच भाषणातला पोर्टर मात्र आम्ही विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांवर राबायचा, पण पोर्टर होऊ शकत नव्हता. का? पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. मास्तरच्या घरातला विटाळ रेल्वेची भरती ठरवत होता.

आज जॉबर गेला, कंत्राटदार आला. सफाईला कोण आणि टेबलावर कोण, हे विचारायला आम्ही साहेबांकडे जातो, तेव्हा ते म्हणतात, माणसे कंत्राटदार नेमतो, आमचा संबंध नाही. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवतो. आमचे निवेदन मात्र दर वेळी साहेबांच्याच नावाने लिहिलेले असते. मुकादमाच्या वहीत कोणाची नावे आहेत, ती वही आमच्यापैकी कितीजणांनी मागून पाहिली?