आज्ञार्थाकडून विध्यर्थाकडे : वितरित स्मृतिसमूहांच्या स्वयंचलित मांडणीचा इतिहास

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव नरहर कुरुंदकर यांच्या आडनावामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांस परिचित आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, शेजारीच, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा योजिलेली असून, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तिचा प्रत्येक बाहू चार किलोमीटर लांबीचा असावयाचा आहे. अशा वेधशाळेचे यश जितके आरशांवर, तितकेच तिच्या विदेचा अर्थ लावणाऱ्या संगणकसमूहांवर अवलंबून असते. हे समूह उभारण्याचे काम माणसाच्या हातून लिखित वर्णनाकडे कसे गेले, याचा संक्षिप्त विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम, एवढ्या तातडीचे कारण काय? १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर पोहोचली. अमेरिकेतील दोन वेधशाळांच्या विदेवरून आकाशातील जे क्षेत्र निश्चित होत होते ते सुमारे १९० चौरस अंशांचे होते. इटलीतील ‘व्हर्गो’ची विदा मिळताच ते ३१ चौरस अंशांवर आले. दुर्बिणींना शोधावयाचे क्षेत्र असे आटोपशीर झाल्यामुळे अकरा तासांच्या आत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या घटनेचा प्रकाश सापडला. तो प्रकाश दिवसागणिक मंदावत जाणारा होता. विश्लेषण लांबले असते, तर त्याच्या आरंभीच्या अवस्थेचे निरीक्षण कायमचे हुकले असते. म्हणूनच तातडीच्या विश्लेषणासाठी येणारी विदा तबकडीवरून वाचण्याची वाट न पाहता संगणकाच्या स्मृतीतच ठेवली जाते, व शोधक आज्ञावल्या तेथूनच ती उचलतात.

स्मृती अनेक यंत्रांत वाटण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्युटरपाशी स्वतःची स्मृती असे व परस्परव्यवहार संदेशांच्या द्वारे होई. ट्रान्सप्युटरांसाठी रचलेल्या ‘ऑकम’ या भाषेत कोणती प्रक्रिया कोणत्या प्रक्रियकावर बसवावयाची, हे लिहून देण्याची सोय होती. मांडणी हाही एक मजकूर असू शकतो, या विचाराचे बीज तेथे दिसते.

पुढे १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात सोळा साधे संगणक जोडून ‘बिओवुल्फ’ समूह तयार झाला आणि स्वस्त यंत्रांचे समूह सर्वत्र पसरले. यंत्रे वाढली तशी त्यांची जोडणीही जिकिरीची झाली. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘मेमकॅश्ड’ आणि २००९ मध्ये साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी ‘रेडिस’ ही स्मृतीत विदा ठेवणारी साधने निर्माण केली. २०१५ मध्ये रेडिसला समूहरूप मिळाले तेव्हा विदेचे १६,३८४ कप्पे मुख्य यंत्रांत वाटावे लागत. मुख्य यंत्रे किमान तीन आणि त्यांच्या प्रतिकृती निराळ्या यंत्रांवर हव्यात. मुख्य संच व त्याची प्रतिकृती चुकून एकाच यंत्रावर राहिली, तर ते यंत्र बंद पडताच दोन्ही नष्ट होतात. आणि ही चूक तो प्रसंग येईपर्यंत लक्षातही येत नाही. आरंभी समूह जुळविण्यासाठी निराळे साधन वापरावे लागे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत हे काम मुख्य आज्ञासाधनातच समाविष्ट झाले.

याला समांतर असा दुसरा प्रवाह १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात सुरू झाला होता. मार्क बर्जेस यांच्या ‘सीएफइंजिन’ने यंत्रास पायऱ्या सांगण्याऐवजी त्याची अपेक्षित स्थिती वर्णिली. ल्यूक केनीज यांचे ‘पपेट’ (२००५) व मायकेल डीहान यांचे ‘अ‍ॅन्सिबल’ (२०१२) यांनी हा मार्ग रूढ केला. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हे स्थित्यंतर नेमके सांगता येते. “हा संच बसव” हा आज्ञार्थ. “हा संच बसलेला असावा” हा विध्यर्थ. आज्ञा दोनदा पाळली तर कार्य दोनदा घडते व कधी बिघडतेही. विध्यर्थी वाक्य कितीही वेळा लागू केले तरी स्थिती तीच राहते. जे आधीच आहे त्यास हात लागत नाही, जे नाही तेवढेच केले जाते. शंभरावे यंत्र पहिल्यासारखेच होते ते यामुळे.

या बदलाचे महत्त्व केवळ वेग वाढण्यात नाही. पूर्वी मांडणीचे ज्ञान एखाद्या अनुभवी तंत्रज्ञाच्या स्मरणात असे, आणि वीज जाताच रिती होणाऱ्या यंत्रस्मृतीप्रमाणे तो गेला की तेही जाई. लिखित वर्णन वाचता येते, तपासता येते, दुसऱ्या ठिकाणी लागू करता येते. मात्र स्वयंचलन दोषही तितक्याच वेगाने पसरविते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची केंद्रे परस्परांपासून तुटली. तिला अडविण्यासाठी असलेली तपासणीही सदोष ठरली आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. हाताने केलेली चूक बहुधा एका यंत्रापुरती राहते. लिहिलेली चूक सर्वत्र पोहोचते.

पुण्याच्या ‘आयुका’तील ‘सारथी’ हा समूह गुरुत्वीय लहरींच्या विदेच्या विश्लेषणासाठी वापरला जातो. औंढ्याची वेधशाळा कार्यान्वित झाल्यावर तिची विदा अन्य खंडांतील विदेशी जुळवून पाहावी लागेल, आणि ठिकठिकाणच्या यंत्रांची मांडणी एकसारखी असल्यावाचून त्यांचे निष्कर्ष तुलनीय ठरणार नाहीत. त्या मांडणीची वर्णने लिहिणे, वाचणे व दुरुस्त करणे ही कामे वेधशाळेपासून कितीही दूर बसून करता येतात. तशी ती कुरुंद्यासारख्या गावातून शिकून आलेल्या विद्यार्थ्यांसही करता येतील. त्यासाठी विध्यर्थाचे वाक्य अचूक लिहिण्याची शिस्त मात्र अंगी बाणवावी लागेल.