डॉक्टर झाल्यानंतरची उमेदवारी

गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी थोरल्या वहिनींनी माझ्या भाचीला विचारले, "अगं, डॉक्टरेट मिळून तीन वर्षे झाली, मग अजून ही उमेदवारी कसली?" भाची परदेशी प्रयोगशाळेत यीस्टच्या जनुकांत फेरफार करते, नेमणूक वर्षावर्षाची. ती नुसती हसली आणि तिने चकली मोडली. मला मात्र हरगोविंद खुराना आठवले.

पूर्वी कचेरीत कायमची जागा मिळेपर्यंत बिनपगारी उमेदवारी करावी लागे. खुरानांनाही ती चुकली नाही. १९२२ साली जन्मलेला हा पंजाबातल्या खेड्यातील पटवाऱ्याचा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेला आणि १९४८ साली डॉक्टर झाला. पुढचे वर्ष त्याने झुरिचला, प्रेलॉग यांच्याकडे, वेतनावाचून काढले. १९४९ साली तो स्वदेशी परतला, तेव्हा फाळणीने त्याचे गाव पाकिस्तानात गेले होते. आणि स्वतंत्र भारतात त्याला साजेशी नोकरी मिळेना! अखेर केंब्रिजने शिष्यवृत्ती देऊन बोलावले. तेथे टॉड यांच्या सहवासात न्यूक्लिक आम्लांचा नाद लागला, तो जन्मभराचा. १९५२ साली व्हँकूव्हरला जागा मिळाली. साधने तुटपुंजी, पण मोकळीक भरपूर. १९६० साली ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले.

पुढचे सर्वश्रुत आहे. १९६८ साली नोबेल पारितोषिक. १९७० साली ७७ जोड्यांचे एक संपूर्ण जनुक निव्वळ रसायनांपासून जुळविले. १९७६ साली असेच एक जनुक जिवंत जिवाणूत काम करू लागले. आजच्या कृत्रिम जीवशास्त्राचा पाया तो हाच.

पण हे जनुक एकट्या खुरानांनी जुळविलेले नव्हे. त्यांच्याभोवती देशोदेशीचे तरुण उमेदवार होते. त्यांतल्याच मार्विन कॅरूथर्स यांनी पुढे १९८१ च्या सुमारास डीएनए झटपट जुळविण्याची रीत शोधली, आणि जगभरची यंत्रे अजून बव्हंशी तीच वापरतात. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या मंडळींनी दहा लाखांहून अधिक जोड्यांचा जनुकसंच बनवून जिवाणूत बसविला, त्यामागेही ही परंपराच आहे.

म्हणून उमेदवारीचे गोडवे गावेत, असे मात्र मला वाटत नाही. रिकाम्या खिशाने किती गुणी माणसे मध्येच परतली असतील, त्यांची नावे इतिहासात नाहीत. खुराना तरले, कारण कोणीतरी वेळेवर दार उघडले. १९४९ साली ते आपण उघडले नव्हते.

यंदा वहिनींनी पुन्हा विचारलेच, तर मी एवढेच म्हणेन, "वहिनी, तिची उमेदवारी कधी संपणार, हे तिला विचारू नका. तिच्यासाठी आपल्याकडे जागा आहे का, हे आपणच आपल्याला विचारू या."