काटा मधोमध, पण पट्टी कुठे?

पावसाळ्यात कर्जतहून कोंडाण्याची लेणी पाहायला निघालेल्या मुलांना डोक्यावरच्या ढगात विमानाची घरघर ऐकू येते, विमान मात्र दिसत नाही. मग प्रश्न ठरलेला: "सर, त्या पायलटला तरी खाली काय दिसत असेल?" उत्तर सोपे आहे, काहीही नाही. तेथून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 60 किलोमीटर. तरीही विमान धावपट्टीसमोर येते. संगणकावर विमान उडवण्याचा खेळ खेळणारी मुले तर पुढचे विचारतात: यंत्राचा काटा मधोमध ठेवून उतरलो, तरी ढगाबाहेर आल्यावर पट्टी बाजूला आणि तिरकी का दिसली? आपलेच काही चुकले असे त्यांना वाटते. बहुधा चुकलेले नसते.

मोठ्या विमानतळांवर 'आयएलएस' ही व्यवस्था असते. ती वैमानिकाला पट्टीची दिशा दाखवते आणि सुमारे 3 अंशांचा उतारही दाखवते. परंतु जेथे केवळ रेडिओ दीपस्तंभ असतो, तेथे काटा एवढेच सांगतो की तुम्ही त्या स्तंभाच्या अमुक दिशेला आहात. उताराबद्दल तो गप्प असतो. अशा उतरण्याला वैमानिक 'नॉन-प्रिसिजन ॲप्रोच' म्हणतात. स्तंभ पट्टीच्या टोकावर उभारता येत नाही, तो बाजूला किंवा काही अंतरावर असतो. म्हणून त्याच्याकडे जाणारी रेषा पट्टीच्या रेषेला कोन करून छेदते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हा कोन हळू उतरणाऱ्या विमानांसाठी 30 अंशांपर्यंत आणि वेगवान विमानांसाठी 15 अंशांपर्यंत चालतो. वैमानिकाने ठरवून दिलेल्या किमान उंचीपर्यंतच खाली यायचे. पट्टी दिसली तर डोळ्यांनी विमान तिच्या रेषेत आणायचे, न दिसली तर पुन्हा वर जायचे.

म्हणजे शेवटचे काम डोळ्यांचे. ते किती फसवे असते, हे मुंबईने दोनदा पाहिले आहे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूच्या विमानतळावर. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली, पण जुहू राहिले. दोहोंत अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. धावपट्टीला क्रमांक देताना तिची चुंबकीय दिशा अंशांत मोजून दहाने भागतात. सांताक्रूझच्या मुख्य पट्टीचा क्रमांक 09, जुहूच्या पट्टीचा 08. दिशेत फरक जेमतेम दहा अंशांचा! शिवाय समुद्राकडून येणाऱ्याला आधी जुहू लागते, तेही सांताक्रूझच्या रेषेपासून उत्तरेला एखादाच किलोमीटर. 15 जुलै 1953 रोजी बीओएसीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते परत उडवून नेण्यास नऊ दिवस लागले. 24 सप्टेंबर 1972 रोजी लंडनहून टोकियोला निघालेले जपान एअर लाइन्सचे डीसी-8 विमान तेथेच उतरले. जुहूची पट्टी सुमारे 1,140 मीटरची, एवढ्या मोठ्या जेटला ती कशी पुरावी? विमान पट्टी ओलांडून पुढे गेले आणि दुरुस्तीपलीकडे मोडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. जुहूकडे नेणारा कोणताही काटा या वैमानिकांपुढे नव्हता. समोर एक पट्टी दिसली, दिशाही साधारण जुळली, आणि मनाने तिला सांताक्रूझ ठरवून टाकले.

दिशेचे चुकले तर निदान डोळे उघडण्याची संधी असते. उंचीचे चुकले तर तीही नसते. 7 जुलै 1962 च्या रात्री अलितालियाचे डीसी-8 बँकॉकहून मुंबईकडे येत असताना आपल्याच सह्याद्रीत, जुन्नरजवळच्या डोंगरावर सुमारे 3,600 फुटांवर आदळले. 94 माणसे गेली, एकही वाचला नाही. आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला होता, आणि सरळ पट्टीवर उतरण्यासाठी तो अंधारात खाली येत होता. येथे वर्गात फळ्यावर गणित करून पाहावे. 3 अंशांचा उतार म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर. 3,600 फूट म्हणजे 1,097 मीटर. त्याला 52 ने भागले की 21 येतात. म्हणजे ही उंची पट्टीपासून 21 किलोमीटरवर, ठाण्याच्या खाडीपलीकडे कुठेतरी, शोभली असती. डोंगर होता 80 किलोमीटरहून अधिक दूर.

या चुका जमिनीवर बसून करता याव्यात, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक या ऑर्गन बनवणाऱ्याच्या मुलाने 1929 साली ऑर्गनचेच भाते वापरून डुलणारे छोटे विमान बनवले. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखे विकले गेले. 1934 मध्ये टपाल वाहताना खराब हवेत सैन्याचे अनेक वैमानिक मेले, तेव्हा सैन्याने अशी सहा यंत्रे घेतली. वरून झाकण लावले की शिकाऊ वैमानिकाला केवळ काटे दिसत. या यंत्राचा आम्हाला सर्वांत आवडणारा भाग मात्र विमानाच्या बाहेर, शिक्षकाच्या टेबलावर होता. चाकांवर चालणारे, 'खेकडा' म्हणून ओळखले जाणारे एक छोटे उपकरण शिकाऊच्या उड्डाणाचा मार्ग शाईने नकाशावर काढत जाई. आत बसलेल्याला आपण सरळ आलो असे वाटे, आणि बाहेर कागदावर रेघ वळणे घेत गेलेली असे.

आजच्या संगणकावरील खेळांतही उड्डाणाचा मार्ग नकाशावर पाहता येतो. मुलांना तो कागदावर उतरवून पट्टीची रेषा दोन्ही बाजूंना वाढवायला सांगावी आणि दोन रेषांमधला कोन कोनमापकाने मोजायला लावावा. एक अंशाची चूक 10 किलोमीटरवर 175 मीटर होते. मुंबईचा नकाशा मिळाला तर त्यावर जुहूची पट्टीही काढावी, आणि समुद्रात 10 किलोमीटर मागे जाऊन दोन्ही पट्ट्यांकडे रेषा ओढाव्यात. दोन रेषांमधला कोन किती भरतो, ते मुलांनाच सांगू द्यावे.