नाव ठेवणारे आणि नाव सांगणारे

शाळेच्या भूगोलातला, बर्फाच्या घरापुढे उभा असलेला ‘एस्किमो’ कोणाला आठवत नाही? पण हे नाव त्याचे स्वतःचे नव्हे. शेजाऱ्यांच्या बोलीतून ते गोऱ्या लोकांच्या कानी पडले. त्याचा अर्थ ‘कच्चे मांस खाणारे’ असा पुष्कळ काळ सांगितला गेला. भाषापंडितांना आता तो तितकासा पटत नाही. पण एकदा बसलेला डाग कोशाने थोडाच पुसतो? १९७७ साली अलास्कात भरलेल्या परिषदेत त्या लोकांनी ‘इनुइट’ हे आपले नाव पुढे केले. तर तिथलेच युपिक म्हणतात, आम्ही इनुइटही नव्हे!

नावांचा असला घोळ पाहायला ध्रुवापर्यंत कशाला जावे? यवतमाळहून पांढरकवडा, झरी-जामणीकडे निघाले की कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या लहान वस्त्या, लागतात. आपण त्यांना कोलाम म्हणतो. आपल्या बोलीत ते स्वतःला ‘कोलावर’ म्हणवतात. तेलुगू मुलखात ते ‘मन्नेरवारलू’ होतात. गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणतात, कारण रानातल्या देवांची पूजा कोलामाच्या हातून व्हावी, ही जुनी रीत. शेजाऱ्याने दिलेले नाव इतके मानाचे क्वचितच असते. आणि गोंड तरी स्वतःला गोंड कुठे म्हणतात? ते ‘कोइतूर’!

पुसदकडची गोष्ट तर याहून नवलाची. तिथल्या काही लोकांना भिल्ल म्हणत, म्हणून त्यांची बोली ‘भिल्ली’ ठरली. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीत ती तपासली गेली, तेव्हा खानदेशच्या भिल्लीशी तिचे नातेच नव्हते. ती निघाली कोलामीची बहीण, द्राविडी कुळातली! नावावर विसंबलेला माणूस असा चकतो.

पुढे सरकारनेही नावे ठेवली. कोलाम ‘आदिम जमाती’त गणले गेले. २००६ साली त्या वर्गाच्या इंग्रजी नावातून ‘आदिम’ गेले आणि ‘विशेष दुर्बल’ अशा अर्थाचे शब्द आले. मागासलेला म्हणण्याऐवजी अशक्त म्हटले, एवढेच! मला तरी दोन्ही सारखेच बोचतात.

पण बाहेरच्यांनी दिलेले नाव टाकून देणेही सोपे नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोलाम, मन्नेरवारलू’ असे छापले आहे, ‘कोलावर’ नाही. पोडातल्या मुलाला दाखला काढायचा, तर घरात तो कोणीही असो, कचेरीत कोलामच व्हावे लागते.